सिरीयल पोर्टच्या सेटिंगमध्ये या चुका टाळा: लावलेलं आणि लागलेलं यातला फरक

मुंबईच्या दारूखाना भागात जुन्या लोखंडाचा धंदा चालतो, आणि जिथे लोखंड तिथे वजनकाटा आलाच. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका काट्यावर जुना कॉम्प्युटर बदलला. नव्या मशीनला नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जुनी जोडणी, नव्हतं, म्हणून यूएसबी-सिरीयल अडॅप्टर जोडला. काटा रिकामा होता तेव्हा स्क्रीनवर शून्य आलं. रिकामा ट्रक चढवला, इंडिकेटरवर, म्हणजे काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावर, ९,६५० किलो आणि स्क्रीनवरही ९,६५०. जुळलं म्हणून सगळे जेवायला गेले. दुपारी भरलेली गाडी आली. इंडिकेटरवर १६,३५०, छापलेल्या पावतीवर ६,३५०. कागदावर दहा टन माल कमी.

मी पोहोचलो तेव्हा मालकांच्या मुलाने विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडूनच ठेवला होता. ९६०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट. बॉड म्हणजे सेकंदाला किती बिट, डेटा बिट म्हणजे एका अक्षराला किती, पॅरिटी म्हणजे चूक पकडायला जोडलेला जादा बिट (इव्हन म्हणजे एकांची एकूण संख्या सम ठेवणारा), आणि स्टॉप बिट म्हणजे अक्षर संपल्याची खूण. इंडिकेटरच्या पुस्तिकेतही हेच. "दादा, सेटिंग तर बरोबर लावलीय, मग?" त्याचं खरं होतं. सेटिंग लावलेली होती, पण लागलेली नव्हती.

माझ्या कामात सिरीयल पोर्टचे जेवढे घोटाळे पाहिले, त्यातले बहुतेक याच फटीतून आलेत. सेटिंग एका जागी राहत नाही. ॲप्लिकेशनच्या फाइलमध्ये एक असते, ऑपरेटिंग सिस्टीमच्या नोंदीत एक, ड्रायव्हरच्या, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, मेमरीत एक, आणि चिपच्या रजिस्टरमध्ये, तिच्या आतल्या कप्प्यात, जी असते ती शेवटची आणि खरी. वायरवर काय जाणार ते ही शेवटचीच ठरवते, आणि तीच आपल्याला सरळ दिसत नाही.

डिव्हाइस मॅनेजरवर विसंबणं

विंडोजमधला तो पोर्ट सेटिंग्जचा टॅब म्हणजे मूळ नोंद. वजनाचं, बिलिंगचं, मशीनचं, कुठलंही सॉफ्टवेअर पोर्ट उघडतं तेव्हा बहुधा स्वतःची सेटिंग्ज ड्रायव्हरला देतं आणि त्या टॅबकडे बघतही नाही. काट्यावर तेच झालं होतं. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं होतं.

मग निम्मी वजनं बरोबर कशी आली? हे नीट समजून घ्या, कारण सेटिंग चुकल्यावर सगळंच बिघडेल अशी आपली अपेक्षा असते आणि ती इथे फसवते. ७ बिट अधिक पॅरिटी आणि ८ बिट बिनपॅरिटी, दोन्हींत स्टार्ट आणि स्टॉप धरून एका अक्षराला १० बिट लागतात. त्यामुळे अक्षरं एकमेकांवर चढत नाहीत, फ्रेमिंगची एरर, म्हणजे अक्षराची सुरुवात-शेवट चुकल्याची, येत नाही. पॅरिटीचा बिट फक्त आठव्या बिटाच्या जागी जाऊन बसतो. ॲस्की कोडमध्ये, म्हणजे अक्षरांना दिलेल्या ठरावीक आकड्यांत, ०, ३, ५, ६ आणि ९ या अंकांत एकचे बिट सम संख्येने आहेत, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य असतो आणि ते धड पोहोचतात. १, २, ४, ७ आणि ८ मध्ये ते विषम आहेत. त्यांच्या कोडमध्ये १२८ ची भर पडते आणि ते अंक राहतच नाहीत. काट्याचं सॉफ्टवेअर अंक नसलेलं सगळं टाकून देत होतं. १६,३५० मधला १ गळला, ६,३५० उरले. ९,६५० मधले चारही अंक सुरक्षित गटातले होते, तो योगायोग.

म्हणून काट्याची चाचणी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर संपवू नका. १, २, ४, ७, ८ यांतला एक तरी अंक दिसेल असं वजन चढवा. २० किलोचं प्रमाणित वजन ठेवलं तरी २ लगेच उघडा पडतो. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती: न समजलेलं अक्षर गुपचूप टाकून उरलेलं छापू नका. अख्खं वाचन नाकारा, स्क्रीनवर लाल अक्षरांत सांगा. त्या दिवशी व्यापाऱ्याने इंडिकेटरकडे पाहिलं नसतं तर दोन घरांत भांडण लागलं असतं.

फक्त १०, १३, १७ आणि १९

मरोळच्या एका औद्योगिक इमारतीत २४ गाळे, प्रत्येकाला विजेचा उपमीटर, सगळे एका आरएस-४८५ च्या तारेवर, म्हणजे अनेक उपकरणांनी वाटून घेतलेल्या जोडणीवर. मीटर बोलतात मॉडबसमध्ये. हा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे ठरलेले नियम, १९७९ सालचा, मॉडिकॉन कंपनीचा, आणि आजही मुंबईतल्या निम्म्या पॅनेलमध्ये तोच सापडेल असं मी माझ्या अनुभवावरून म्हणतो. वाचायला लिनक्सचा एक छोटा डबा आणि कोणीतरी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम.

तक्रार अशी की १० आणि १७ नंबर कधीच उत्तर देत नाहीत. १३ नंबर उत्तर देतो, पण प्रोग्राम म्हणतो की उत्तर चुकीच्या मीटरकडून आलं. १९ ला विचारलं की त्यापुढे २० ते २४ सगळे गप्प. प्रोग्राम बंद करून चालू केला की पहिले पुन्हा बोलायला लागतात. इलेक्ट्रिशियनने केबल बदलली होती. १७ नंबरचा मीटरही बदलला होता, आणि अर्थातच नव्यालाही १७ हाच पत्ता दिला होता. गाळेवाल्यांची बिलं अंदाजाने जात होती, आणि कोणालाही ते पटत नव्हतं.

तारेत काहीही बिघाड नव्हता. बिघाड त्या आकड्यांत होता. लिनक्समध्ये सिरीयल पोर्टचा कारभार टीटीवाय नावाच्या व्यवस्थेकडे आहे आणि तिची मूळ घडण माणूस टायपिंग करतो त्या टर्मिनलसाठी झालेली आहे. पोर्ट प्रथम उघडतं तेव्हा ते टर्मिनलसारखंच वागतं. १३ हा एंटरचा कोड आला की त्याचा १० करतं, कारण नवी ओळ म्हणजे १०. आपण १० पाठवला तर त्याआधी १३ घालून दोन बाइट पाठवतं. १७ आणि १९ हे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलचे, म्हणजे 'चालू' आणि 'थांब' असे इशारे. ते आले की पोर्ट ते स्वतः पाळतं आणि प्रोग्रामपर्यंत पोहोचूच देत नाही.

आता मॉडबसकडे बघा. त्याच्या प्रत्येक संदेशाचा पहिला बाइट म्हणजे मीटरचा पत्ता. १० नंबरला विचारलेला प्रश्न तारेवर जातानाच १३ आणि १० होऊन गेला, म्हणून कोणीच तो ओळखला नाही. १३ नंबरचं उत्तर आत येताना १० झालं. १७ च्या उत्तराचा पहिला बाइट गिळला गेला, उरलेल्याचा सीआरसी, म्हणजे संदेश शाबूत आहे का ते तपासायचा आकडा, जुळेना. आणि १९ ने उत्तर दिलं की पोर्टला वाटलं, समोरचा 'थांब' म्हणतोय. त्यापुढचे प्रश्न कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बफरमध्ये पडून राहायचे. लिहिण्याचा कॉल मात्र यशस्वी व्हायचा, म्हणून प्रोग्रामच्या मते प्रश्न गेलेला असायचा. कधीकधी पाचव्या-आठव्या मीटरवरच गाडी अडायची, कारण युनिटच्या आकड्यात किंवा सीआरसीत कुठेही १९ येऊ शकतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने काहीच केलं नव्हतं असं नाही. नेहमीच्या नमुन्यांत असते तशी एक ओळ होती: ओळीने वाचणं बंद, एको बंद, सिग्नल बंद. ते सगळं लोकल फ्लॅगमध्ये, म्हणजे चालू-बंद खुणांच्या एका गटात, येतं. इनपुट आणि आउटपुटचे फ्लॅग तसेच राहिले होते. सिग्नल बंद केले नसते तर आणखी वाईट. ३ म्हणजे कंट्रोल-सी, आणि मॉडबसमध्ये रजिस्टर वाचण्याचं फंक्शनही ३. एकही मीटर वाचला गेला नसता. पण मग चूकही पहिल्याच दिवशी सापडली असती!

उपाय छोटा आहे. सीएफमेकरॉ हे फंक्शन हे सगळे फ्लॅग एकदम साफ करतं. मात्र ते पॅरिटी काढून ८ डेटा बिटही करून टाकतं. म्हणून आधी सीएफमेकरॉ, त्यानंतर पॅरिटी आणि बाकीचं. हा क्रम उलटा करून इव्हन पॅरिटी घालवलेले प्रोग्राम मी एकाहून जास्त पाहिलेत.

आणि तपासायचं कसं? प्रोग्राम चालू असतानाच दुसऱ्या टर्मिनलमध्ये एसटीटीवाय ही कमांड त्या पोर्टवर उणे-ए पर्याय देऊन चालवा. सगळे फ्लॅग दिसतात. नावाआधी उणे चिन्ह म्हणजे बंद. आयएक्सऑन (फ्लो कंट्रोल), आयसीआरएनएल (१३ चा १०) आणि ओपोस्ट (१० आधी १३) या तिघांआधी उणे दिसलं नाही तर बायनरी प्रोटोकॉल त्या पोर्टवर टिकणार नाही. प्रोग्राम चालू असतानाच बघा असं मुद्दाम सांगतोय. आधी एसटीटीवायने सेटिंग लावायची आणि मग प्रोग्राम चालवायचा, यात प्रोग्रामने उघडल्यावर काय बदललं ते कळत नाही. शिवाय यूएसबी अडॅप्टर काढून लावला की तुमचं सगळं पुसलं जातं आणि पोर्ट ९६०० वर टर्मिनल होऊन परत येतं.

व्हीमिन आणि व्हीटाइमबद्दल थोडक्यात. वाचताना किमान किती बाइटांसाठी आणि किती वेळ थांबायचं ते हे दोन आकडे ठरवतात. दोन्ही शून्य ठेवले तर वाचन लगेच रिकाम्या हाताने परततं आणि प्रोसेसर भणभणतो. व्हीमिन १ आणि व्हीटाइम ० ठेवलं तर एक मीटर मेला की प्रोग्राम कायमचा ताटकळतो. व्हीटाइमचं एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, मिलिसेकंद नव्हे.

एरर आली नाही म्हणजे झालं, असं धरणं

सेटिंग लावणारं टीसीसेटॲटर हे फंक्शन यशाचा शून्य परत देतं, आणि आपण पुढे जातो. पण नियम असा की मागितलेल्या बदलांपैकी एक जरी बदल करता आला तरी ते यश कळवतं. बॉड रेट लागला, पॅरिटी लागली नाही, तरी उत्तर यशच. म्हणून त्यानंतर टीसीगेटॲटरने सेटिंग परत वाचायची आणि मागितलेल्याशी ताडून बघायची. चार ओळींचं काम आहे.

याचं मूळ ड्रायव्हरच्या रचनेत आहे. लिनक्समध्ये सेटिंग बदलण्यासाठी ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावलं जातं त्याला एरर परत देण्याची सोयच नाही. त्याच्याकडे एकच वाट असते: हार्डवेअरला जमलं तेवढं लावायचं आणि खरं काय लागलं ते त्याच रचनेत परत लिहून ठेवायचं. प्रामाणिक ड्रायव्हर तसं करतो. सगळे करत नाहीत.

बॉड रेटचंच घ्या. जुन्या पीसीच्या पोर्टमध्ये १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. त्याला १६ ने भागलं की १,१५,२००. त्याला पूर्णांकाने भागून जे येईल तेवढेच वेग शक्य. १२ ने भागलं की ९६०० नेमके मिळतात. १,००,००० मागितले तर जवळचं काहीच नाही, आणि २,५०,००० तर सोडूनच द्या. यूएसबी चिपची घड्याळं वेगळी, त्यांची गणितं वेगळी. मागितलेला वेग आणि मिळालेला वेग यात टक्का-दीड टक्का फरक चालून जातो, पाच टक्के चालत नाही.

याहून फसवं उदाहरण रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पाय आणून त्याचा गेटवे, म्हणजे मीटर आणि नेटवर्कमधला दुवा, करणारे आता खूप आहेत. पाय ३ आणि ४ वर मूळ मांडणीत चांगलं यूएआर्ट, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणारं सर्किट, ब्लूटूथला दिलेलं असतं आणि पिनांवर येतं ते मिनी यूएआर्ट. त्या मिनी यूएआर्टमध्ये पॅरिटीच नाही. हार्डवेअरमध्येच नाही, मग सेटिंग काहीही लावा. आणि मॉडबसच्या प्रमाणात मूळ पॅरिटी इव्हन आहे! मीटर इव्हन पॅरिटीची वाट बघतो आणि प्रश्न तसाच टाकून देतो. डिसेबल-बीटी हा ओव्हरले, म्हणजे पायची हार्डवेअर मांडणी बदलणारी तयार फाइल, लावून ब्लूटूथ बाजूला केलं की चांगलं यूएआर्ट पिनांवर येतं. त्याच पोर्टवर लिनक्सचा कन्सोल चालू ठेवलेला असतो, तोही बंद करा. नाहीतर मीटरच्या तारेवर लॉगिनचा मजकूर जात राहतो.

पोर्टच्या नावावर भिस्त ठेवणं

काल कॉम-३ होतं, आज कॉम-७. झाडूवाल्या मावशींनी प्लग काढून शेजारच्या खोबणीत लावला, एवढंच झालेलं असतं. स्वस्त अडॅप्टरमध्ये सहसा सीएच३४० ही चिप येते आणि तिला बहुधा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. मग विंडोज तिला जागेवरून ओळखतं. खोबण बदलली की नवं उपकरण, नवा नंबर. अनुक्रमांक असलेला अडॅप्टर, उदाहरणार्थ एफटीडीआय कंपनीच्या अस्सल चिपचा, कुठेही लावला तरी नंबर धरून राहतो. नंबर ९ च्या वर गेला की काही जुनी सॉफ्टवेअर पोर्ट उघडूच शकत नाहीत. कॉम-१० पासून पुढे नावाआधी दोन उलट्या तिरप्या रेघा, एक टिंब आणि आणखी एक उलटी तिरपी रेघ असा उपसर्ग द्यावा लागतो, आणि तो ते देत नाहीत. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली जुनी उपकरणं दाखवायला सांगा, ती काढा आणि मग खालचा नंबर द्या.

लिनक्सवर टीटीवाय-यूएसबी-० आणि १ हे नंबर कोण आधी जागा झाला त्यावर ठरतात. डेव्ह फोल्डरमधल्या सिरीयल या उपफोल्डरात दोन यादी मिळतात, ओळखीनुसार आणि जागेनुसार. अनुक्रमांक असेल तर ओळखीची वापरा. दोन सीएच३४० असतील तर दोघांची ओळख एकच निघते, तिथे जागेचीच वापरा आणि खोबणींवर मार्करने लिहून ठेवा.

स्वस्त चिपचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. लॅमिंग्टन रोडवर दीडशे रुपयांत मिळणाऱ्या अडॅप्टरला मी नावं ठेवत नाही, घरी शिकायला तोच घ्यावा. पण ग्राहकाच्या पॅनेलमध्ये नकली चिप बसवू नका. २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला होता. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला, पण तोवर कित्येकांची उपकरणं ओळखू येईनाशी झाली होती. प्रोलिफिक कंपनीचा नवा ड्रायव्हर तिच्याच पीएल२३०३ चिपच्या जुन्या पिढीला नाकारतो, आणि तिथे अस्सल जुनी चिपसुद्धा अडते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १० दिसला तर तारा तपासण्याआधी हे बघा.

पोर्ट दुसऱ्याच्या हातात असणं

विंडोज एका पोर्टवर एकालाच बसू देतं, दुसऱ्याला प्रवेश नाकारल्याची एरर येते. लिनक्स मात्र दोघांनाही उघडू देतं, आणि आलेले बाइट दोघांत विखुरतात. थोडे याला, थोडे त्याला. एकाला पूर्ण संदेश कधीच मिळत नाही आणि दोघंही वायरिंगला दोष देतात. प्रोग्राम लिहिताना टीआयओसी-एक्सक्ल हा आयऑक्टल, म्हणजे ड्रायव्हरला थेट द्यायचा हुकूम, लावून पोर्ट स्वतःकडे राखून ठेवा.

उबंटू २२.०४ वर सीएच३४० लावला, पोर्ट क्षणभर दिसलं आणि गायब झालं, तर कर्नलच्या लॉगमध्ये बीआरएलटीटीवाय शोधा. अंध व्यक्तींच्या ब्रेल पट्टीसाठीची ही सेवा तोच यूएसबी क्रमांक आपला समजून पोर्ट बळकावते. कामाची सेवा आहे. त्या मशीनवर कोणी ब्रेल वापरत नाही याची खात्री करूनच काढा. दुसरा पाहुणा मोडेम मॅनेजर. तो नव्या पोर्टवर मोडेम आहे का ते विचारायला एटी कमांड पाठवू शकतो, आणि पलीकडे मशीन असेल तर त्याला ती अक्षरं नको तेव्हा मिळतात. यूडेव्हच्या, म्हणजे उपकरण जोडताच नियम चालवणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या, नियमात त्या उपकरणाकडे दुर्लक्ष करायला सांगता येतं.

परवानगीचं सगळ्यांना माहीत असूनही चुकतं. डेबियन आणि उबंटूवर डायलआउट गटात नाव घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या. परवानगी ६६६, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहायला खुली, करून मोकळं होऊ नका, प्लग काढला की ती जाते.

आरएस-४८५ ची दिशा प्रोग्राममधून फिरवणं

आरएस-४८५ च्या दोन तारांवर एका वेळी एकच बोलतो. बोलताना ट्रान्समीटर चालू, बोलणं संपताच बंद. बरेच जण आरटीएस ही पोर्टची इशाऱ्याची रेघ प्रोग्राममधून वर-खाली करून हे साधायला जातात: वर केली, लिहिलं, खाली केली. पण लिहिण्याचा कॉल परत येतो तेव्हा बाइट कर्नलच्या बफरमध्ये असतात, तारेवर नाही. ९६०० वर ११ बिटांच्या एका बाइटला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. ८ बाइटांच्या प्रश्नाला ९ च्या वर. आरटीएस लगेच खाली गेली की प्रश्न अर्धवट. मग कोणी २० मिलिसेकंद झोप घालतं, तर मीटर तेवढ्यात उत्तर द्यायला सुरुवात करतो आणि उत्तराचं डोकं कापलं जातं.

सगळं पाठवून होईपर्यंत थांबणारं टीसीड्रेन वापरलं तर बरं, पण यूएसबी चिपच्या पोटात तेव्हाही बाइट शिल्लक असू शकतात. हे काम ड्रायव्हरचं आहे, त्यालाच द्या. लिनक्समध्ये टीआयओसी-एस-आरएस४८५ हा आयऑक्टल आहे, त्यात आरटीएसचं वागणं आणि आधी-नंतरचा विलंब सांगता येतो. ड्रायव्हरची साथ आहे का ते इथेही परत वाचूनच ठरवा. किंवा दिशा आपोआप फिरवणारा कन्व्हर्टर घ्या, साध्या कामाला मी तोच सुचवतो.

ड्रायव्हर लिहीत असाल तर यूएआर्टमधल्या दोन बिटांत गल्लत करू नका. एक सांगतो की होल्डिंग रजिस्टर (पुढचा बाइट थांबतो ती जागा) रिकामं झालं, दुसरा सांगतो की शिफ्ट रजिस्टरही (जिथून बिट तारेवर जातात) रिकामं झालं. पहिला लागला तेव्हा शेवटचा बाइट अजून तारेवर चाललेला असतो. ट्रान्समीटर दुसऱ्या बिटावर बंद करायचा.

१६ मिलिसेकंदांचा ठेका

एफटीडीआयची चिप आलेले बाइट लगेच पुढे देत नाही. पाकीट भरेपर्यंत किंवा लेटन्सी टायमर संपेपर्यंत थांबते, आणि तो टायमर मुळात १६ मिलिसेकंदांचा. मॉडबसमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे संदेश संपला, ९६०० वर ती जेमतेम ४ मिलिसेकंद. त्यामुळे शांततेवरून संदेशाचा शेवट ओळखणारा प्रोग्राम यूएसबीवर गंडतो. उत्तराची लांबी आधीच कळते, तिच्यावरून ओळखा.

टायमर कमी करायचा तर विंडोजमध्ये तो पोर्टच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत आहे. लिनक्समध्ये सिसएफएस या कर्नलच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या लेटन्सी-टायमर नावाच्या फाइलीत १ लिहायचा. ही फाइल प्लग काढला की पुन्हा १६ वर जाते, म्हणून यूडेव्हच्या नियमातूनच लिहा.

उघडताच रीसेट होणारी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, हाही याच घरातला प्रकार. पोर्ट उघडलं की ड्रायव्हर डीटीआर रेघ वर करतो. अर्दुइनो उनोमध्ये ती रीसेटला जोडलेली आहे. पाण्याच्या टाकीची पातळी दर मिनिटाला पोर्ट उघडून वाचणारा प्रोग्राम दर मिनिटाला पाटी रीसेट करत असतो. पोर्ट एकदाच उघडा, उघडंच ठेवा.

मोजणी न बघता तारा उपटणं

किनाऱ्याजवळच्या पॅनेलमध्ये तांबं हिरवं पडतं, पावसाळ्यात कनेक्टर खरंच जातात, ते मी नाकारत नाही. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ड्रायव्हरने ठेवलेले आकडे बघा. पीसीच्या अंगच्या पोर्टसाठी लिनक्सवर प्रॉक फोल्डरात टीटीवाय, त्यात ड्रायव्हर, त्यात सिरीयल नावाची फाइल, रूट म्हणून वाचायची. टीएक्स (पाठवलेले बाइट) वाढतोय आणि आरएक्स (आलेले बाइट) शून्यावर आहे, तर समोरून काही येतच नाही, तेव्हा तार आणि आरएस-४८५ च्या ए आणि बी या दोन तारांची अदलाबदल बघा. एफई म्हणजे फ्रेमिंग एरर वाढतायत, तर बॉड रेट. पीई म्हणजे पॅरिटी. ओई म्हणजे बाइट येऊन पडले आणि उचलायला कोणी वेळेवर आलं नाही.

आणि आरएस-२३२ वर, म्हणजे नऊ पिनांच्या साध्या सिरीयल पोर्टवर, दोन आणि तीन नंबरच्या पिना जोडून स्वतः पाठवलेलं स्वतःला परत येतंय का ते बघा. तेवढं आलं तर चिप, ड्रायव्हर आणि अडॅप्टर जिवंत आहेत. बॉड रेट बरोबर आहे हे मात्र यातून सिद्ध होत नाही, कारण दोन्ही टोकं एकाच घड्याळावर चालतात.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

मुंबईत स्वतःचं कार्ड बनवून त्याचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या छोट्या कंपन्या आहेत. त्यांच्या पोरांशी बोलताना हे मुद्दे पुन्हा पुन्हा येतात.

हार्डवेअरला जमत नसलेली सेटिंग मागितली गेली तर ती टर्मिऑसमधून, म्हणजे पोर्टची सेटिंग्ज ठेवणाऱ्या रचनेतून, काढून टाका. पॅरिटी नसेल तर पॅरिटीचा बिट साफ करून परत द्या. बॉड रेट जो खरोखर बसला तो टीटीवायच्या एन्कोड फंक्शनने परत लिहा. वर सांगितलं तसं, ॲप्लिकेशनला सांगण्याची तुमच्याकडे ही एकच वाट आहे.

प्रमाण सेटिंगसाठी स्वतःचा आयऑक्टल काढू नका. एसटीटीवायला तो कळत नाही, पायथनच्या लायब्ररीला कळत नाही, आणि दोन वर्षांनी तुमच्या जागी आलेल्यालाही कळत नाही. टर्मिऑसमध्ये जी गोष्ट बसतच नाही, जसा तो लेटन्सी टायमर, ती सिसएफएसमध्ये द्या. एका फाइलीत एकच मूल्य. एकक मिलिसेकंद की मायक्रोसेकंद, ते कागदपत्रात लिहा. चुकीचं मूल्य आलं तर ईइनव्हॅल ही एरर परत द्या, जवळचं मूल्य परस्पर लावून यश कळवू नका. इको कमांड शेवटी नवी ओळ जोडते, ती कर्नलची केएसटीआरटू गटातली फंक्शनं चालवून घेतात, हाताने अंक वाचत बसू नका. वाचन मागितलं तर शक्य तिथे रजिस्टरमधून वाचून द्या. मघाशी लिहिलेला आकडा मेमरीतून परत दिला तर वापरणाऱ्याला त्याचंच म्हणणं ऐकू येतं.

फाइलीची परवानगी ०६६६ ठेवायला गेलात तर कर्नल बिल्डच होऊ देत नाही, जगाला लिहिता येणारी ॲट्रिब्यूट (सिसएफएसमधली फाइल) तो नाकारतो. ०६४४ ठेवा आणि ज्याला गरज आहे त्याला यूडेव्हमधून गट द्या.

एक चूक सापडायला फार वेळ घेते. डिव्हाइस नोंदवून झाल्यावर ॲट्रिब्यूटच्या फाइली बनवल्या, तर यूडेव्हला आधी खबर जाते आणि फाइली नंतर येतात. नियम धावतो तेव्हा लिहायला फाइलच नसते. टेबलावरच्या वेगवान मशीनवर हे दहातून एकदा घडतं, ग्राहकाकडच्या मंद डब्यावर दर वेळी. फाइली ॲट्रिब्यूट ग्रुपमध्ये घालून नोंदणीच्या आधीच डिव्हाइसला जोडा, म्हणजे दोन्ही एकदम दिसतात.